गुणसूत्र इमेजिंग सिस्टीमचं सरकारी टेंडर: 'भरून टाकू का?' म्हणण्याआधी हे गणित मांडा



मागच्या महिन्यात आपल्या बॅचमधल्या एकाचा फोन आला. "सर, केंद्र सरकारच्या रिसर्च लॅबचं टेंडर आलंय. कॅरिओटायपिंग सिस्टीम, एक नग. डीलरचं कोटेशन पण हातात आहे. माझं उद्यम आहेच, म्हणजे ईएमडी माफ. भरून टाकू का?"

त्याचं कॉम्प्युटर आणि यूपीएसचं दुकान आहे. मी म्हटलं, थांब. आधी दोन दिवस कागद वाचू. त्या दोन दिवसांत आम्ही जे केलं, तेच आज तुमच्यासमोर मांडतोय. मशीन वेगळं असलं तरी पद्धत हीच लागते.

पायरी १: 'एक नग' म्हणजे नक्की काय?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. पेशी विभागताना मेटाफेज नावाच्या टप्प्यावर ती आखूड आणि जाड होतात, तेव्हाच नीट दिसतात. पूर्वी त्यांचा फोटो काढायचे, एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचे आणि जोड्या लावून कागदावर चिकटवायचे. जोड्यांच्या त्या तक्त्याला कॅरिओटाइप म्हणतात. आज ते कात्रीचं काम सॉफ्टवेअर करतं.

मुंबईतच बघा. परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी गुणसूत्रं तपासतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गाचा मारा किती झाला याचा अंदाज गुणसूत्रांवरून बांधतात. दोन्हीकडे गुणसूत्रंच बघायची, पण काम वेगळं, म्हणून लागणारं सॉफ्टवेअरही वेगळं असू शकतं. त्यामुळे टेंडरमधला 'कशासाठी हवंय' हा भाग आधी वाचा.

मग स्पेसिफिकेशनमधली प्रत्येक ओळ एक्सेलमध्ये उतरवा. आमची यादी अशी झाली: मायक्रोस्कोप, स्लाइडवर पेशी शोधायला १०एक्स आणि बारीक बघायला १००एक्सची ऑइल लेन्स, आपोआप सरकणारा मोटराइज्ड स्टेज, मोनोक्रोम कॅमेरा, फिश तपासणीसाठी फ्लुरोसन्स लाइट आणि फिल्टर, सॉफ्टवेअरची लायसन्स, कॉम्प्युटर, यूपीएस, कंपन न होणारं टेबल, इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग आणि ३ वर्षांची वॉरंटी.

आता डीलरचं कोटेशन शेजारी ठेवा. त्यात टेबल नव्हतं, यूपीएस नव्हता. सॉफ्टवेअरचं लायसन्स एकच होतं. टेंडरमध्ये मात्र एक लायसन्स फोटो घेणाऱ्या कॉम्प्युटरला आणि दोन रिपोर्ट बनवणाऱ्या कॉम्प्युटरना मागितली होती. असंच भरलं असतं तर एक तर टेक्निकलमध्ये बाद, नाहीतर फरक आपल्या खिशातून.

पायरी २: आपण पात्र तरी आहोत का?

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून नीट वाचा.

२ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते. पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरताच आहे. सरकारी खरेदीचं २०१२ चं एमएसई धोरण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्याचं मशीन विकणारा व्यापारी त्यात बसत नाही. म्हणजे आपल्या मित्राला ईएमडीची माफी नव्हतीच. 'माफ' समजून बिड टाकलं असतं, तर पहिल्याच छाननीत बाहेर.

दुसरं, मॅन्युफॅक्चररचं ऑथोरायझेशन. हे पत्र कंपनीकडून, त्याच टेंडर नंबरचा उल्लेख करून घ्यावं लागतं. डीलरचं कोटेशन म्हणजे ऑथोरायझेशन नव्हे.

तिसरं, मेक इन इंडियाची अट. लोकल कंटेंट किमान ५० टक्के असेल तर क्लास-१ आणि किमान २० टक्के पण ५० च्या खाली असेल तर क्लास-२. ग्लोबल टेंडर नसेल तर साधारणपणे हे दोघेच बिड भरू शकतात. असे मायक्रोस्कोप आणि कॅमेरे बहुतेक आयात केलेले असतात. आयात माल भारतातल्या डीलरकडून घेतला म्हणून तो 'लोकल' होत नाही. खोटं डिक्लरेशन दिलं तर दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

पायरी ३: पैसा कुठे आणि किती दिवस अडकणार?

समजण्यासाठी सोपा आकडा घेऊ. टेंडर ६० लाखांचं, जीएसटी बाजूला ठेवा.

ईएमडी नियमानुसार अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के, म्हणजे १.२ ते ३ लाख. बिडच्या मुदतीत माघार घेतली तर ही रक्कम जप्त होते.

८ टक्के मार्जिन धरलं तर हातात ४.८ लाख. ऐकायला भारी वाटतं ना? आता वजाबाकी करा. कंपनी ॲडव्हान्स मागणार आणि लॅब पैसे देणार इन्स्टॉलेशन झाल्यावर. ५० लाख ४ महिने १२ टक्क्यांनी उचलले तर व्याज २ लाख. माल ६ आठवडे उशिरा आला आणि दंड आठवड्याला अर्धा टक्का असेल तर १.८ लाख गेले. उरला १ लाख.

त्यातून ३ वर्षं इंजिनिअरच्या फेऱ्या, बंद पडलेला कॅमेरा, हरवलेला सॉफ्टवेअरचा डोंगल, सगळं निस्तरायचं. शिवाय परफॉर्मन्स सिक्युरिटी ५ टक्के धरली तर ३ लाख रुपये वॉरंटी संपून वर ६० दिवस होईपर्यंत अडकलेले. १ लाख कमवायला ३ लाख तीन वर्षांहून जास्त काळ बांधून ठेवायचे. दुकानाचं भांडवल यात गेलं तर दिवाळीचा माल कशाने भरणार?

पायरी ४: प्री-बिड मीटिंगला लेखी प्रश्न पाठवा

सगळं जुळत असेल तर पुढे जा, पण तोंडी भरवशावर नको. लायसन्स किती? एसी आणि वायरिंग कोण करणार? वॉरंटी कुठल्या तारखेपासून? सॉफ्टवेअर अपडेट फुकट की पैसे देऊन? स्पेसिफिकेशन एकाच ब्रँडला चिकटत असेल तर 'समकक्ष चालेल का' हे नम्रपणे, कारणासह विचारा. उत्तर दुरुस्तीपत्रकात आलं तरच ते खरं. ऑफिसमधले साहेब फोनवर काय बोलले, ते बिड उघडताना कोणी विचारत नाही.

मग छोट्या दुकानदाराने काय करायचं?

मशीन एकदाच येतं, पण त्याच्याभोवतीचा व्यवहार वर्षानुवर्षं चालतो. स्लाइड, गिम्सा स्टेन, इमर्शन ऑइल, डेटासाठी स्टोरेज, यूपीएसच्या बॅटऱ्या, त्यांचं वार्षिक मेंटेनन्स. यातलं तुमच्या दुकानात काय बसतं ते शोधा. यूपीएसचं मेंटेनन्स तुम्ही स्वतः करत असाल तर ती सेवा झाली. तिथे एमएसई म्हणून तुमचा दावा बघण्यासारखा आहे.

आपल्या मित्राने टेंडर सोडलं. ज्या कंपन्यांचे अधिकृत डीलर बिड भरणार होते, त्यातल्या दोघांना त्याने यूपीएस, कॉम्प्युटर आणि स्थानिक सर्व्हिसचं कोटेशन पाठवलं. ऑर्डर अजून आलेली नाही. पण ईएमडी अडकलेली नाही, कर्ज नाही, आणि दोन डीलरच्या फाइलमध्ये त्याचं नाव आहे. पुढच्या वेळी ते स्वतः फोन करतील, अशी जागा त्याने तयार केली.

आजचा गृहपाठ: जेम पोर्टलवर कुठल्याही लॅब उपकरणाचं एक टेंडर डाउनलोड करा. एक्सेलमध्ये चार कॉलम पाडा: काय मागितलंय, कोण देणार, किती पैसे, किती दिवस अडकणार. चौथा कॉलम पूर्ण भरल्याशिवाय बिडच्या बटणाला हात लावायचा नाही.

भेटूया पुढच्या धड्यात. धंदा करा, पण हिशोबाने!