जुन्या वस्त्रांची पारख

प्रश्न : मी पुण्यात शनिवार पेठेत राहते. चांगल्या प्रतीची जुनी वस्त्रे, विशेषतः रेशमी साड्या, कोठे शोधाव्यात व कशा पारखाव्यात?

उत्तर : आपल्या पेठेतून कसब्यामार्गे पुढे गेल्यास मंगळवार पेठेच्या बाजूस बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार हे या शोधाचे उचित स्थान होय, कारण भांड्यांच्या मोबदल्यात जुनेर नेणाऱ्या बोहारणींपासून अशा बाजारांपर्यंत वस्त्रांच्या पुनरुपयोगाची परंपरा आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली आहे.

वस्त्र हाती येताच, किमतीची घासाघीस करण्यापूर्वी, ते उजेडासमोर धरावे. रेशीम बहुधा घडीच्या रेषेवर आणि सदरा कॉलरच्या दुमडीवर प्रथम विरतो, म्हणून या जागा शाबूत असतील तरच पुढील तपासणी करावी. पैठणीचा पदर अवश्य उलटून पाहावा : अस्सल हातमागाच्या विणीत नक्षी दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखीच, लोंबत्या धाग्यांवाचून, उमटलेली असते. साडीची जर काळवंडली म्हणून ती त्याज्य मानू नये, कारण चांदीची तार कालांतराने काळवंडतेच. लोकरीच्या वस्त्रात मात्र कसरीची भोके कसून शोधावीत. उसवलेली शिवण व तुटलेली गुंडी सहज दुरुस्त होते, विरलेले कापड होत नाही. हा भेद ध्यानी ठेवून रास्त किंमत द्यावी.

वापरलेले वस्त्र परिधान करण्यात यत्किंचितही न्यूनता नाही; ज्या विणकराने महिनोन्महिने मागावर बसून ते सिद्ध केले, त्याच्या श्रमांचा तो उचित आदरच होय.