सज्ज्यावरची झाडं आणि वाळकं लाकूड

बोन्सायमध्ये फांदी सोलून वाळकी पांढरी ठेवली की ती 'जिन', आणि खोडावरची साल पट्टीने काढली की ती 'शारी'. पुस्तकांत हे सगळं डोंगरातून आणलेल्या जुनिपरवर चालतं. आम्हा जोगेश्वरीकरांना डोंगर म्हणजे आरे आणि नॅशनल पार्क. तिथली काडीही उचलायची नाही. उरले जुन्या इमारतींचे सज्जे, ड्रेनेज पाइपांचे सांधे आणि रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्यांची कुंपणं. तिथे पिंपळ, नांद्रुक, उंबर, कुंती मिळतात, क्वचित चिंचेचा बुंधाही. (आवारातल्या मोठ्या झाडाला १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो, तिथे पालिकेची परवानगी आधी. सज्ज्यातली रोपं मात्र मिस्त्री तशीही उपटून फेकणारच असतो.) या झाडांनी शिकवलेलं थोडं सांगतो.

१. झाड घरी आलं की पटाशी कपाटात ठेवा.

भिंतीतून काढलेल्या नांद्रुकाचं मुख्य मूळ भिंतीतच राहतं. जूनमध्ये काढलेलं झाड महिन्याभरात फुटतं आणि आपण खूश होतो. पण ते फुटवे खोडातल्या शिल्लक अन्नावर आलेले असतात. नवी मुळं खरंच धरली का, हे दुसरा पावसाळा सरल्यावर कळतं. तोवर मोठ्या कापापाशी वीतभर खुंट राखा. झाड रस मागे घेतं ते आपण आखलेल्या रेषेपर्यंत नव्हे. खुंटाच्या एका अंगाला साल काळपटते, टिचते, बोटाने दाबली तर पोकळ वाजते. दुसऱ्या अंगाला खालून नवी साल जाड ओठासारखी वर चढत येते. मधल्या भागात शंका वाटली तर नखाने खरवडून बघा. हिरवं दिसलं तर तिथे हात लावू नका. ही सीमा झाडाने नक्की केली की कुठे कोरायचं हा प्रश्नच उरत नाही.

२. कोरणं आणि सोलणं यांचे हंगाम वेगळे.

सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. हिमालयातल्या लाहौलच्या कोरड्या उतारावरचं जुनिपरचं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, ते राळेमुळे आणि हवेमुळेही. आमच्याकडे मेअखेरीस कोरलेलं ताजं लाकूड वाळायच्या आत भिजतं आणि गणपतीपर्यंत त्यावर बुरशी चढते. म्हणून आधीच मेलेलं लाकूड कोरायचं ते दिवाळी ते होळी या काळात. ऑक्टोबरच्या उन्हाने ते वाळलेलं असतं, आणि पुढचा उन्हाळा ते आणखी कडक करतो.

जिवंत साल सोलायची असेल तर मात्र चैत्रपालवीची वाट पाहा. रस चढलेला असतो, साल अलगद सुटते. थंडीत ती लाकडाला चिकटून बसते आणि आपण खरवडत राहतो. वडाच्या कुळात चीक वाहतो, तो थांबेपर्यंत ओल्या फडक्याने टिपत राहायचं. या कामाच्या वर्षी कुंडी बदलायची नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

३. पिंपळाचा जुनिपर करू नका.

वड, पिंपळ, उंबराचं लाकूड मऊ. त्यावरचं टोकदार पांढरं जिन एक-दोन पावसाळे टिकलं तरी खूप, आणि दिसतंही उसनं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या उंबराला ढोली असते. तीच करावी. कुंती मात्र हवी तशी कोरा, तिचं लाकूड घट्ट आणि बारीक रेषांचं. चिंचेचा गाभा त्याहून चिवट, पण भोवतालचं पांढरं लाकूड किडा आधी खातो, ते काढून टाकावं. बोगनवेलीचं लाकूड तर लगेच कुजतं; त्यावर मेहनत घेणाऱ्यांना माझा दंडवत.

४. चुना-गंधक उन्हातच.

कोरलेलं लाकूड टिकावं आणि पांढरं दिसावं म्हणून चुना-गंधकाचं द्रावण लावतात. लाकूड किंचित ओलं करून ते ब्रशने लावा, माती प्लॅस्टिकने झाका, जिवंत सालीपासून दूर ठेवा. आधी पिवळंजर्द दिसतं, काही दिवसांच्या उन्हाने पांढरं पडतं. वास सडक्या अंड्यांचा. गच्चीवर लावा, तेही सेक्रेटरींना सांगून. बाल्कनीत लावलंत तर मजल्यावरचे सगळे गॅसची शेगडी तपासतील. नोव्हेंबरात एकदा, मार्चमध्ये एकदा पुरे.

५. जुनिपर ठेवायचाच असेल तर.

२०१८ साली पुण्यात 'बोन्साय नमस्ते' हे बोन्साय प्रदर्शन भरलं तेव्हापासून अनेकांना जुनिपरचा सोस लागला. नर्सरीतला जुनिपर मुंबईत जगतो, फोफावत नाही; त्याला थंडी मिळत नाही. विटांच्या चाळलेल्या तुकड्यांत, भरपूर उन्हात आणि पावसात छपराखाली ठेवा. शारी पहिल्या वर्षी करंगळीपेक्षाही अरुंद काढा. फुगीर जिवंत शीर कुठून वर जाते ते पुढच्या वर्षी स्पष्ट दिसतं, मग थोडी रुंद करा. शेंडे वाढत नसतील तर त्या वर्षी काहीच नाही.

६. ढोलीला खालून वाट हवी.

पाणी साचलं की लाकूड सडतं आणि डेंग्यूचे डास होतात. पालिकेची माणसं कुंड्या बघायला येतात ती उगीच नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात ढोलीत तांब्याभर पाणी ओता. ते आपोआप बाहेर आलं नाही, तर बारीक ड्रिलने तळातून तिरकं भोक पाडा, आणि भोकाचं तोंड मातीच्या वर ठेवा.