डोळ्यांत अडकू नकोस, शेपटीकडे बघ

अरे भाच्या, मार्चमध्ये अलास्कात अँकरेजला येतोयस ना, मग विमानात वाचायला हे घे. मी इथे नवी असताना शेजाऱ्यांच्या मॅलम्यूटला "काय गोड हस्की!" म्हणून बसले होते. बिचारे हसले, पण पुढे महिनाभर फाटकात गाठून मला दोघांतला फरक समजावत राहिले. तुझ्याकडे दहाच दिवस आहेत.

१. नाव विचारायच्या आधी काम विचार — सायबेरियन हस्की चुकची लोकांनी हलकं ओझं घेऊन लांबवर पळायला जोपासला, अलास्कन मॅलम्यूट कॉट्झब्यू साउंडच्या किनाऱ्यावरच्या इन्युइट लोकांनी जड ओझं सावकाश ओढायला. एक टांग्याचा, एक नांगराचा. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

२. उंची मोजत बसू नकोस, अंगलट बघ — उंचीत फरक दोन-चार इंचांचाच असतो. हस्की नर २० ते २७ किलोचा, म्हणजे वाण्याकडचं तांदळाचं एक पोतं. मॅलम्यूट नर ३८ किलोच्या आसपास, म्हणजे दीड पोतं, तेही रुंद छातीत भरलेलं.

३. निळा डोळा दिसला तर मॅलम्यूट म्हणू नकोस — अमेरिकन केनेल क्लबच्या प्रदर्शनात निळ्या डोळ्यांचा मॅलम्यूट बादच होतो. पण डोळे तपकिरी आहेत म्हणून लगेच मॅलम्यूटही म्हणू नकोस, कारण हस्कीचे डोळे तपकिरी, निळे, एक असा एक तसा, कसेही असतात. मी इथेच दोनदा आपटले. डोळ्यांवर भुलला, तो शेपटीला चुकला!

४. शेपटी बघायची ती कुत्रा निवांत असताना — खुशीत आले की दोघंही शेपटी वर करतात. मॅलम्यूटची एरवीही पाठीवर तुऱ्यासारखी डोलते. हस्कीची कोल्ह्यासारखी झुपकेदार, विसावला की खाली लोंबते.

५. मग कान — हस्कीचे डोक्यावर उंच आणि जवळजवळ, मॅलम्यूटचे डोक्याच्या मानाने लहान आणि दूरदूर.

६. तोंडावरचा काळा-पांढरा मुखवटा सोडून दे — तो दोघांनाही असतो.

७. पिल्लू बघायला गेलास तर आधी त्याच्या आईला भेट — दोन महिन्यांची पिल्लं सगळी लोकरीचे गुंडेच दिसतात. आम्ही "हस्की" म्हणून आणलेलं पिल्लू वर्षभरात सोफ्यावर मावेनासं झालं, तेव्हा तुझे काका म्हणाले, "पिल्लाचा पंजा बघावा आणि सोफा घ्यावा."

८. ओळख पटली की कुंपणाचा अंदाज घे — हस्कीला पळायची हौस फार. तो उडी मारतो, खाली उकरतो आणि हाक मारली की ऐकू येत नसल्यासारखं करतो. मॅलम्यूटचं जेवण मात्र दुसऱ्या कुत्र्यापासून लांब वाढ, त्याच्या ताटात भागीदारी चालत नाही.

९. दोघांपैकी कुणाच्याही घरी काळा कोट घालून जाऊ नकोस — वर्षातून दोनदा आतली लोकर अशी झडते की झाडूसुद्धा दमतो. आणि पुण्यात हस्की घ्यायचं तुझ्या बहिणीच्या मनात आहे म्हणे, तिला सांग की मे महिन्यात गारवा दिला म्हणजे झालं असं नाही, आणि अंगावरचे केस तर भादरायचेच नाहीत — ते उन्हापासूनही जपतात.

१०. यांच्यात थोर कोण, असा वाद इथे काढू नकोस — मॅलम्यूट २०१० पासून अलास्काचा राज्य-कुत्रा आहे, आणि हस्कीचा मान १९२५ चा. घटसर्पावरचं प्रतिविष इथल्याच नेनाना गावाहून नोमला कुत्र्यांच्या तांड्यांनी ६७४ मैल, साडेपाच दिवसांत पोचवलं. शेवटच्या टप्प्याला बाल्टो नावाचा हस्की पुढे होता म्हणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा त्याचा उभा राहिला. पण सगळ्यांत लांबचा टप्पा सेपाला नावाच्या हाकणाऱ्याच्या टोगोने काढला, तोही बाराव्या वर्षी. मला विचारशील तर माझा कौल टोगोला.

११. मार्चच्या पहिल्या शनिवारी आपण फोर्थ ॲव्हेन्यूवर इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीची औपचारिक सुरुवात बघायला जाऊ, तिथे वरचं सगळं विसर — धावणारे बहुतेक कुत्रे सडसडीत, कान पडलेलेही, दोन्हींत न बसणारे दिसतील. ते अलास्कन हस्की, शर्यतीसाठी घडवलेलं मिश्र वाण. नाव ओळखता आलं नाही तर हाकणाऱ्याला खुशाल विचार. फक्त निघायच्या घाईत त्याला अडवू नकोस.

१२. आणि मोज्यांचे दोन जोड घाल — तिथे कुत्र्यांच्याही पायांत बूट असतात.