पिकअपचे ए/टी टायर : बिलावरचा खर्च आणि बिलाबाहेरचा

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेतली की गाडीवरचा पहिला मोठा खर्च बहुधा टायरचाच निघतो. कंपनीकडून आलेले टायर हायवेला छान धावतात. पण शेताची पाणंद, खाणीचा रस्ता, नाहीतर श्रावणातला घाटमाथा आला की ते कमी पडतात. मग आपण दुकानात जातो आणि समोर टांगलेला सगळ्यांत रांगडा, खोल खाचांचा टायर मनात भरतो. माझं मत वेगळं आहे. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना खोल नक्षीपेक्षा भक्कम बाजूचा टायर लागतो. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते टायरच्या बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर घाला.

कारण आपली जमीन. सह्याद्रीतला बेसॉल्ट फुटला की त्याला धार येते. मराठवाडा-विदर्भात तूर आणि कपाशी काढल्यावर रानात जी धसकटं उरतात, ती वाळली की खिळ्यासारखी उभी असतात. गावातल्या सिमेंट रस्त्याची कडही साइडपट्टीपेक्षा वीतभर वर असते आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की आपल्यालाच खाली उतरावं लागतं. टायरच्या तळाशी, नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. बाजूला तसं काही नसतं, फक्त कापडाचे थर आणि रबर. तळात खिळा गेला तर पंक्चरवाला दीड-दोनशे रुपयांत काम भागवतो. बाजू चिरली तर टायर गेला. तिथे लावलेला पॅच भरल्या गाडीखाली टिकत नाही आणि शहाणा कारागीर तो लावतही नाही.

म्हणून दुकानात टायर आडवा ठेवायला सांगा आणि रिमजवळची बारीक उठावाची अक्षरं वाचा. अनेक टायरांवर तळात किती थर आणि बाजूत किती थर, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. बाजूला पॉलिएस्टरचा एक, दोन की तीन थर, हे तिथेच कळतं. दोन थर असलेला साध्या नक्षीचा टायर खडकाळ रस्त्यावर एका थराच्या भीषण दिसणाऱ्या टायरपेक्षा जास्त दिवस साथ देतो. त्याच ओळींच्या आसपास चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षाच्या आतला माल मागा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्या भावात घेऊ नका. आयएसआयची खूण तर हवीच.

आता भार. मापानंतर ‘११२ एच’ किंवा ‘१२० एस’ असं काहीतरी असतं. त्यातला आकडा भाराचा, अक्षर वेगाचं. १०८ म्हणजे एका टायरवर १००० किलो, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५०, १२० म्हणजे १४००. या गाड्या रिकाम्याच दोन टनांच्या घरात असतात. त्यात मागे सामान, टपावर रॅक, पुढे लोखंडी बंपर आला की दोन्ही कण्यांवर ताण चढतो. गाडीच्या दारावरच्या पट्टीत जो भाराचा आकडा दिला आहे, त्याच्या खालचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

मापाआधी ‘एलटी’ (लाइट ट्रक) लिहिलेले टायर जास्त थरांचे असतात आणि त्यांच्यात सी, डी, ई अशा चढत्या श्रेणी असतात. ‘ई’ श्रेणीचा टायर पूर्ण भार पेलतो तो ८० पीएसआय हवेवर. तोच टायर ३५च्या हवेवर, गाडीबरोबर आलेल्या साध्या टायरपेक्षा कमी भार पेलतो. ही गोष्ट दुकानात क्वचितच कुणी सांगतं. त्यामुळे एलटी टायर घेतला तर जुन्या सवयीची हवा चालत नाही. आणि गाडी बहुतेक वेळ रिकामीच फिरत असेल, तर ‘ई’ श्रेणीचा टायर कमरेला आणि डिझेलला महागात पडेल. खडीचे रस्ते आणि महिन्यातून दोनदा माल, एवढंच काम असेल तर साधा, पण दोन थरांच्या बाजूचा टायर पुरे.

चिखलाबद्दल खोटी आशा नको. जांभ्याच्या लाल मातीत आणि मुरमाच्या रस्त्यावर ए/टी (ऑल-टेरेन) टायर उत्तम पकड देतो. कपाशीच्या काळ्या मातीत, पाऊस पडून गेल्यावर, तोच टायर दहा पावलांत गुळगुळीत होतो. माती खाचांत गच्च बसते आणि चाक फिरूनही निघत नाही. तिथे रुंद खाचांचा एम/टी (मड-टेरेन) टायर थोडा बरा, पण तो हायवेला घोंघावतो, ओल्या डांबरावर घसरतो आणि लवकर झिजतो. वर्षाचे चार महिने काळ्या रानातच जायचं असेल तरच एम/टीचा विचार करा. एरवी हवा कमी करणं हा त्याहून स्वस्त उपाय. मऊ मातीत किंवा वाळूत ३२-३५ची हवा १८-२०वर आणली की टायर पसरतो आणि गाडी निघते. मात्र त्या हवेवर वेगाने पळवू नका आणि डांबर लागताच परत हवा भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर तीन ते सहा हजारांत येतो. टायरच्या बजेटमध्ये तो आधी धरा.

मोठ्या मापाचा मोह बऱ्याच जणांना होतो. व्ही-क्रॉसच्या १८ इंची चाकाचं माप २५५/६०. उंची सुमारे ७६३ मिलिमीटर. २६५/६० घातला तर ती ७७५ होते, म्हणजे दीड टक्का वाढ, आणि ती सहज पचते. २६५/६५ घातला की ८०२ होते. ही पाच टक्के वाढ झाली : मीटरवर १०० दिसताना गाडी १०५च्या आसपास असते, चढावर दम कमी पडतो आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम नोंदणीतल्या तपशिलाबाहेरच्या बदलाबद्दल आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर ते उघडून बसला तर वाद घालायची ताकद आपल्याकडे नसते. गाडीच्या पुस्तिकेतल्या मापांतच राहा.

पैशांचं बोलू. १६ ते १८ इंची मापांत अपोलो, सिएट, एमआरएफ, जेके यांचे ए/टी टायर नगाला साधारण १० ते १६ हजारांत बसतात. योकोहामा जिओलँडरच्या वर्गातले १५ ते २१ हजार. बीएफगुडरिचच्या वर्गातले २२ ते ३० हजार. प्रत्येक कंपनी प्रत्येक माप बनवत नाही आणि शहराशहरात भाव हलतो, म्हणून तीन दुकानांत विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कुणी जुनी किंमत सांगत असेल तर बिलावरचा कर बघा. जून २०२०पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत. परदेशी माप निवडताना एकच प्रश्न विचारा : एक टायर फुटला, तर तसाच दुसरा आठवड्यात मिळेल का?

नगाचा भाव हा अर्धाच खर्च. १३ हजारांचे चार टायर, म्हणजे ५२ हजार, ४५ हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया पडतो. २६ हजारांचे चार, म्हणजे १ लाख ४ हजार, ६५ हजार चालले तरी १ रुपया ६० पैसे. महाग टायर जास्त चालतो, पण दुप्पट चालत नाही. याच्या पुढचा खर्च बिलावर येतच नाही. जड नक्षीमुळे लिटरला १२ देणारी गाडी ११ देऊ लागली, तर ४५ हजार किलोमीटरमध्ये सुमारे ३४० लिटर डिझेल जादा जळतं. लिटर ९० रुपये धरला तर ३० हजार रुपये. पहिल्या चार टायरांच्या निम्म्याहून जास्त! रोज हायवेने कामावर जाणाऱ्याने आणि रविवारी किल्ल्याच्या पायथ्याशी जाणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा, मग रांगडा टायर मागावा.

त्यात स्टेपनी विसरू नका. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीला चारही चाकं सारख्या घेराची लागतात. एक चाक लहान-मोठं असताना फोर बाय फोर लावून पळवलं तर ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलवर ताण येतो. म्हणून पाच घ्या. पाचवा परवडत नसेल तर जुना टायर फक्त टू व्हील ड्राइव्हवर दुकानापर्यंत जाण्यापुरता. पाच घेतले तर दर ८ ते १० हजार किलोमीटरला स्टेपनीसकट चाकं फिरवा, म्हणजे पाचवा हौद्याखाली नुसता म्हातारा होत नाही. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह मिळून दीड-दोन हजार वेगळे ठेवा. जुन्या टायरांत नक्षी शिल्लक असेल तर दुकानदाराकडून त्यांचे पैसे वळते करून घ्या; न विचारल्यास ते क्वचितच मिळतात.

बिलावर टायरचं नाव, माप, भाराचा आकडा आणि आठवड्याचे चार आकडे लिहून घ्या. वॉरंटी सहसा बनावटीतल्या दोषाला असते, दगडाने पडलेल्या चिरेला नसते. दुकानदाराने काही वेगळं कबूल केलं असेल तर तेही बिलावरच लिहून मागा. चाकं बसवल्यावर नट हाताच्या पान्याने क्रमाने आवळायला सांगा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्या. डोंगरात शिरायच्या आधी.