शेजारच्यांशी अबोला नको

भिलाई, सेक्टर 6

चि. बाळ यास, अनेक आशीर्वाद.

घरच्या ग्रुपवर तू टाकलेला छोट्याचा व्हिडिओ पाहिला. सहावीतलं पोर, गळ्यात उपरणं, हात उंचावून नेत्याचं अख्खं भाषण म्हणतंय आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवताय. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. मला मात्र रात्रभर डोळा लागला नाही. वहिनी सांगत होती, त्याच नेत्यावरून त्याने शेजारच्या मित्राशी अबोला धरलाय. बाळ, भाषण पाठ आहे, पण त्या माणसाने केलं काय, हे छोट्याला सांगता येईल? तुला तरी येईल?

रागावते, कारण तू भिलाईत वाढलास. शंकर गुहा नियोगींचं नाव दादाच्या तोंडी किती असे! आपल्याच स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये राबलेला माणूस. नोकरी गेल्यावर दल्ली-राजहराच्या खाणकामगारांत जाऊन राहिला, त्यांची युनियन बांधली, त्यांची दारू सोडवायला झटला. 1983 साली तिथल्या कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि घामातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. 28 सप्टेंबर 1991 ला इथेच, भिलाईत, नियोगींना झोपेत गोळी घातली. त्यांचं एकही भाषण मला पाठ नाही, पण ते हॉस्पिटल बोट दाखवून सांगता येतं. ते हयात असताना एकदा जाऊन हे काम बघावं असं फार वाटे. पण तुझ्या आजोबांना युनियनवाल्यांच्या वाटेला जाणं पसंत नव्हतं, आणि मीही शाळेची कारणं सांगत राहिले. ती रुखरुख अजून जात नाही.

छोट्याला नेत्यांविरुद्ध भडकव, असं मी म्हणत नाही. त्याला बघायला शिकव. नारळ फुटला, फोटो छापून आला, म्हणजे नळाला पाणी आलं असं नव्हे. त्याला एक वही दे. एका बाजूला कोण काय म्हणाला आणि कधी, ते लिहू दे. दुसऱ्या बाजूला पुढे काय झालं, ते. भूमिपूजन झालेल्या रस्त्यावरून त्याला सहा महिन्यांनी पुन्हा ने. झालेलं कामही नुसतं मोजू नये. कुणाची सोय झाली, कुणाचं घर उठलं, तेही विचारावं. जरा मोठा झाला की उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडून दाखव. सुप्रीम कोर्टाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांपासून प्रत्येकाला आपल्यावरचे खटले, मालमत्ता आणि शिक्षण त्यात लिहून द्यावं लागतं. खासदार सभागृहात किती दिवस हजर होता, त्याने कोणते प्रश्न विचारले, हेही लोकसभेच्या नोंदीत मिळतं. आणि बाळ, ज्याला तू मत देतोस त्यालाही हीच फूटपट्टी लाव, पोराच्या देखत लाव. तू आपल्या माणसाचं झाकलंस, तर ते लगेच तुझ्याकडून उचलेल.

पण पुन्हा पुन्हा मन त्या अबोल्यापाशीच जातं. मागच्या पावसाळ्यात छोट्याला डेंग्यू झाला, तेव्हा अर्ध्या रात्री गाडी कुणी काढली? त्याच मित्राच्या वडिलांनी ना? तुझी वाट न बघता पोराला उचलून नेलं, पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिले. माणूस कृतीवरून ओळखायचा, तो धडा तुमच्या जिन्यातच राहतो. छोट्याला ही गोष्ट सांगितलीस का कधी? सांग. आणि उद्याच त्याला त्यांच्या दारात घेऊन जा. तूही आत जाऊन बस, त्यांच्याकडचा चहा घे.

फार कडक लिहिलं का रे? दादाची नाइट शिफ्ट असली की तू माझ्याच अंथरुणात झोपायला यायचास आणि ऐकलेलं सगळं मलाच सांगायचास. तेव्हापासून तुला बोलण्याचा हक्क मी धरून बसलेय. पोर वाईट नाही. ज्याच्यावर जीव जडतो त्याचं सगळं खरं मानतं, अगदी तुझ्यासारखं. हा गुण त्याचा जाऊ नये, म्हणून तर एवढं लिहिलं.

वहिनी म्हणाली, तुझी ॲसिडिटी वाढलीय. रात्री उशिरा जेवू नकोस. थंडीत कोथिंबीर स्वस्त झाली की सांबारवड्या करीन, तुझ्यासाठी कमी तिखटाच्या. सगळे या. नागपूरहून गाडीने असा कितीसा वेळ लागतो? घर मोठं आहे आणि मी एकटीच असते.

तुझी,
आत्या