फोन घे, पण जरा दमानं

मने, घडीच्या फोनचं तुझ्या डोक्यात घोळतंय ते आईने सांगितलं मला. पहिल्याच पगाराला हप्ते लावून घ्यायचाय म्हणे. रागवत नाहीये गं, हौस असावीच माणसाला. पण कार्ड पुढे करण्याआधी माझं एवढं ऐक.

नवीन वस्तू येते तेव्हा जास्तीचे पैसे घाई असलेल्यांकडूनच घेतात. अ‍ॅपलचा पहिला आयफोन 29 जून 2007 ला अमेरिकेत विकायला आला, तेव्हा 8 जीबीच्या फोनला 599 डॉलर पडायचे. लोक दुकानांबाहेर रांगा लावून उभे होते. 5 सप्टेंबरला तोच फोन 399 डॉलरवर आला. सव्वादोन महिन्यांत दोनशे डॉलर उतरले! आधी घेतलेले इतके भडकले, की स्टीव्ह जॉब्सना जाहीर पत्र लिहून त्यांना शंभर डॉलरची खरेदीची सवलत द्यावी लागली.

आपल्याकडचे एलईडी दिवे आठव. सरकारी खरेदीत 2014 साली एका दिव्याला 310 रुपये पडत होते, 2016 मध्ये तोच भाव 38 रुपयांवर आला. कोट्यवधी दिव्यांची मागणी एकगठ्ठा आली, मग कारखान्यांनी जोमाने माल काढला आणि निविदेत एकमेकांवर कडी करत भाव पाडले. घडीचे फोन अजून तेवढे खपत नाहीत. म्हणून म्हणते, ते तुझ्यासाठी आत्ता नकोतच.

साधा चांगला फोन घे, गेल्या वर्षीचा. नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव उतरतोच. मात्र स्वस्त मिळतोय म्हणून तीन-चार वर्षांपूर्वीचा उचलू नकोस. कंपनी अपडेट किती वर्षं देणार ते फोन बाजारात आल्यापासून मोजते, तू विकत घेतल्यापासून नाही. अपडेट थांबले की बँकेची अ‍ॅप त्यावर ठेवायला माझं तरी मन धजणार नाही.

आणि ते 'नो कॉस्ट ईएमआय'! बिलाखालची बारीक अक्षरं वाच. बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी असतो, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुला मिळत नाही. त्यापेक्षा चार महिने तोच हप्ता स्वतःच्या खात्यात टाक. तोवर भावही खाली आलेला असेल.

लॅपटॉपचं मात्र वेगळं. तुझा सारखा बंद पडतोय, ऑफिसचं काम अडतंय. तो या आठवड्यातच घे. कामाच्या वस्तूसाठी भाव पडायची वाट बघत बसलीस तर त्यात तुझंच नुकसान.

शनिवारी मी मोकळी आहे. दोघी मिळून जाऊ, आधी लॅपटॉप बघू आणि जमलं तर फोनचे भावही विचारून येऊ.