डायलिसिसच्या पाण्याची राखण

हिमोडायलिसिसमध्ये निकामी झालेल्या मूत्रपिंडांचे काम यंत्राकडून करून घेतले जाते. रुग्णाचे रक्त डायलायझरमधल्या बारीक, पोकळ तंतूंतून वाहते आणि तंतूंच्या बाहेरून डायलायसेट नावाचे द्रावण फिरते. दोहोंमध्ये एक पातळ पडदा असतो. रक्तातला युरिया, क्रिएटिनिन आणि जादा पोटॅशियम त्या पडद्यातून द्रावणात उतरतात. द्रावणात काही घातक असेल तर तेही त्याच वाटेने उलट रक्तात शिरते.

या द्रावणाचा जवळजवळ सगळा भाग पाण्याचा असतो. मिनिटाला ५०० मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने चार तासांत १२० लिटर, आठवड्याच्या तीन खेपांत ३६० लिटर आणि वर्षाला साडेअठरा हजार लिटरांहून अधिक पाणी एका रुग्णाच्या रक्ताशेजारून जाते. निरोगी माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. ते आतड्यांतून गाळून शरीरात येते आणि त्यातले नको ते बरेचसे मूत्रपिंडे बाहेर टाकतात. डायलिसिसच्या पाण्यासमोर यातला एकही पहारा उभा नसतो. म्हणून पिण्याला उत्तम असलेले पाणीसुद्धा यंत्राला जसेच्या तसे चालत नाही. ते योग्य करणे आणि रोज तपासून तसेच राखणे हे डायलिसिस तंत्रज्ञाच्या कामातले फार मोठे जबाबदारीचे अंग आहे. वैद्यकीय क्षेत्राची ओढ आहे, पण एमबीबीएसचा रस्ता धरायचा नाही किंवा धरता येत नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी हे काम विचारात घेण्याजोगे आहे.

नळाला हवे, यंत्राला नको

सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी आणि बांदा यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेल्या इन्सुलीतल्या विद्यार्थ्याची या विषयाशी निम्मी ओळख गावातच होऊ शकते. ग्रामपंचायतीच्या विहिरीत आणि टाकीत ब्लिचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, टाकली जाते. जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करतो. नमुना पिवळा झाला की क्लोरीन नळापर्यंत पोचले असे समजायचे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मागते. काविळीपासून कॉलऱ्यापर्यंतच्या साथी त्यानेच दूर राहतात.

डायलिसिसच्या पाण्यात मात्र एकूण क्लोरीन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. एकूण क्लोरीन म्हणजे मुक्त क्लोरीन आणि क्लोरामाईन यांची बेरीज. पाण्यातल्या अमोनियाशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाईन तयार होते. ते डायलायझरच्या पडद्यातून सहज रक्तात जाते आणि तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि पेशी फुटू लागतात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला बहुधा आधीच रक्तक्षय असतो. त्यात ही भर पडली तर धाप, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे असे प्रसंग ओढवतात आणि वेळेवर लक्षात न आल्यास जीवही जातो.

पाण्याचा प्रवास

डायलिसिस विभागाशेजारच्या आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिसच्या, खोलीत पाणी ठरलेल्या क्रमाने पुढे सरकते. आधी वाळूचा फिल्टर गाळ अडवतो. सॉफ्टनरमधले रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेते. ते रेझिन मिठाच्या पाण्याने वेळोवेळी पुन्हा ताजे करावे लागते. नंतर सक्रिय कार्बनच्या, एकामागे एक जोडलेल्या दोन टाक्या येतात. क्लोरीन आणि क्लोरामाईन इथेच काढले जातात. पुढे बारीक कण अडवणारा ५ मायक्रॉनचा फिल्टर, मग आरओ, आणि शेवटी शुद्ध पाणी यंत्रांपर्यंत नेऊन परत आणणारी फिरती पाइपलाइन. बहुतेक ठिकाणी अतिनील दिवा आणि एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंपासूनचे विष, अडवणारा फिल्टरही असतो.

कार्बनला पुरेसा वेळ मिळाला तरच तो काम करतो. दोन्ही टाक्या मिळून पाण्याचा कार्बनशी किमान १० मिनिटे संपर्क हवा, असा दंडक आहे. प्रकल्पातून तासाला १,२०० लिटर पाणी जात असेल तर मिनिटाला २० लिटर झाले. १० मिनिटांसाठी दोन्ही टाक्यांत मिळून २०० लिटर कार्बन लागेल. उद्या चार यंत्रे वाढली आणि टाक्या तेवढ्याच राहिल्या तर हा वेळ घटतो. शाळेत शिकलेले त्रैराशिक इथे रोज उपयोगी पडते.

कार्बन क्लोरीन काढतो, आणि क्लोरीन गेले की जंतूंना अडवणारे पाण्यात काही उरत नाही. म्हणून पुढच्या पाइपलाइनचे ठरल्या वेळी निर्जंतुकीकरण करावे लागते आणि जंतू मोजण्यासाठी पाण्याचा नमुना कल्चरला पाठवावा लागतो. जंतूंची मर्यादा मिलिलिटरमागे १०० वसाहतींच्या खाली आहे, पण आकडा ५० वर गेला की कारण शोधायला सुरुवात करायची असते. निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनयुक्त द्रव वापरला असेल तर तो पूर्ण धुऊन गेल्याची चाचणीने खात्री केल्याशिवाय एकही रुग्ण यंत्राला जोडता येत नाही.

चाचणी कशी होते

सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी प्रकल्प किमान १५ मिनिटे चालवतात, कारण रात्रभर टाकीत साचलेल्या पाण्याचा नमुना खरी स्थिती सांगत नाही. पहिल्या कार्बन टाकीनंतरचा नळ थोडा वेळ सोडून त्याच पाण्याने काचेची कुपी धुतात आणि खुणेपर्यंत भरतात. तिच्यात एकूण क्लोरीनसाठीचा डीपीडी अभिकर्मक टाकतात. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होते. क्लोरामाईनची क्रिया सावकाश होत असल्याने सूचनेत दिलेली मिनिटे पूर्ण थांबूनच मीटरचा आकडा वाचायचा असतो. घाईने वाचलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि धोका झाकला जातो.

आकडा, वेळ आणि सही लॉगबुकात जाते. ही चाचणी प्रत्येक पाळीच्या आधी आणि काम सुरू असताना साधारण दर चार तासांनी करायची असते. पहिल्या टाकीनंतर मर्यादा ओलांडली तर लगेच दुसऱ्या टाकीनंतरचे पाणी तपासतात. तिथे आकडा ठीक असेल तर चाचण्यांची वारंवारता वाढवून पहिली टाकी बदलण्याची व्यवस्था करतात. तिथेही ओलांडला असेल तर डायलिसिस थांबवणे हाच एक मार्ग उरतो. खुर्च्या भरलेल्या असताना आणि नातेवाईक ताटकळत असताना तंत्रज्ञाला ही गोष्ट डॉक्टरांना ठामपणे सांगता आली पाहिजे.

घरोघरी दिसणारा टीडीएस मीटर या कामी निरुपयोगी आहे. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, ०.१ मिलिग्रॅम क्लोरीनने त्याचा आकडा हलतसुद्धा नाही. जांभ्या दगडातून झिरपलेल्या कोकणातल्या पाण्यात मुळातच क्षार कमी असतात, त्यामुळे कमी टीडीएस पाहून निर्धास्त होण्याचा मोह इथे अधिक. डोळ्यांनी पिवळी छटा जुळवण्याची ओटी चाचणीही ०.१ च्या आसपास पुरेशी अचूक ठरत नाही.

कोकणातले ऋतू आणि आरओ खोली

सिंधुदुर्गात पाण्याचा स्वभाव ऋतूप्रमाणे पालटतो. मुसळधार पावसात नदी-विहिरींचे पाणी गढूळ होते, पाणीपुरवठ्यात तुरटी आणि क्लोरीन दोन्हींचे प्रमाण वाढते. तुरटीतून ॲल्युमिनियम येते, आणि डायलिसिसच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे. वादळवाऱ्यात वीज गेली की पाइपलाइनमधले पाणी थांबते आणि थांबलेल्या पाण्यात जंतू वाढतात. उन्हाळ्यात टँकर आला की पाण्याचा स्रोतच बदलतो. नव्या स्रोताची चाचणी वाट न पाहता करावी लागते.

दक्षतेत कसूर झाल्यास काय होते, हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९९३ मध्ये शुद्धीकरणाच्या रेझिनची क्षमता संपल्यावर फ्लोराइड रुग्णांच्या रक्तात गेले आणि तीन जण दगावले. ब्राझीलमधल्या कारुआरू इथे १९९६ मध्ये टँकरने आणलेल्या जलाशयाच्या पाण्यात शेवाळसदृश जिवाणूंचे विष होते. एका केंद्रातले ५० हून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर नव्या जलवाहिनीच्या सिमेंटच्या अस्तरातून ॲल्युमिनियम पाण्यात उतरले आणि दहा रुग्ण गेले. आजची मानके अशा दुर्घटनांतून कडक होत गेली आहेत.

शिक्षणाचे मार्ग

पहिला मार्ग थेट डायलिसिस तंत्रज्ञानाचा. बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन पदवी किंवा पदविकेला प्रवेश घेता येतो. कर्नाटकातल्या मणिपालला या विषयाची बीएस्सी पदवी आहे. महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आणि राज्याच्या पॅरावैद्यक परिषदेची त्या वर्षीची अधिकृत यादी पाहावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने या पेशाला वैधानिक चौकट दिली. त्यानुसार पदविका किंवा पदवीचे शिक्षण किमान २,००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांचे असावे लागते. सहा महिन्यांत तंत्रज्ञ करून देण्याची जाहिरात पाहताना हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरा मार्ग रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातल्या बीएस्सीचा. यातून पाणी तपासणी प्रयोगशाळा आणि गुणवत्ता नियंत्रणाकडे जाता येते. तिसरा आयटीआय आणि तंत्रनिकेतनाचा. पंप, झडपा, विद्युत पॅनेल आणि मीटर यांची जाण असलेले हात आरओ प्रकल्पाच्या उभारणीला व देखभालीला लागतात.

नोकरी कुठे मिळते

केंद्र सरकारने २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याचे धोरण ठरले. या योजनेत सार्वजनिक-खासगी भागीदारी आहे. जागा, वीज आणि पाणी शासन देते. यंत्रे, आरओ प्रकल्प आणि कर्मचारी खासगी संस्थेचे असतात. म्हणजे कामाचे ठिकाण सरकारी रुग्णालय असले तरी नेमणूक खासगी असू शकते. पालकांनी नेमणूकपत्रावर कोणाचे नाव आहे, भविष्य निर्वाह निधी आहे का आणि करार किती वर्षांचा आहे, हे पाहून घ्यावे.

इन्सुलीहून एका बाजूला सावंतवाडी आणि ओरोस, तर दुसऱ्या बाजूला म्हापसा आणि बांबोळी ही रुग्णालयांची ठिकाणे आहेत. पाण्याचे काम नीट शिकलेल्याला रुग्णालयाबाहेरही वाव असतो. गोव्यात वेर्णा आणि इतर औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत. इंजेक्शनसाठी लागणाऱ्या पाण्याला आरओ, फिरती पाइपलाइन, कल्चर आणि एंडोटॉक्सिन चाचणी हेच ज्ञान लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आणि आरओ प्रकल्प पुरवणाऱ्या कंपन्या या आणखी दोन दिशा.

पालकांच्या शंका

संसर्गाची भीती रास्त आहे, कारण काम रक्ताशी आहे. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण घेणे, हातमोजे आणि सुया हाताळण्याचे नियम पाळणे, यांनी धोका बराच कमी होतो. काम पाळ्यांत चालते. सकाळची पाळी पहाटे सुरू होऊ शकते, म्हणून मुलगी रुजू होणार असेल तर जाण्यायेण्याची सोय आधी विचारावी. सुरुवातीचा पगार मोठा नसतो. अनुभव, पदवी आणि यंत्रांची सखोल माहिती यांनी तो वाढतो, आणि पुढे विभागप्रमुख, प्रशिक्षक किंवा कंपनीतला तांत्रिक तज्ज्ञ होता येते. तेच तेच काम रोज तितक्याच लक्षपूर्वक करण्याची वृत्ती नसलेल्याने मात्र या वाटेला जाऊ नये.

कॉलेज निवडताना चार प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता आहे? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते आणि तिथे रोज किती यंत्रे चालतात? विद्यार्थ्यांना क्लोरीनची चाचणी स्वतः करायला मिळते का? आरओ खोलीचे लॉगबुक दाखवता येईल का? शेवटच्या दोन प्रश्नांना नीट उत्तर देणारी संस्था बहुधा बाकीचेही नीट शिकवते.